पुस्तकात लिहिलंय “खमंग फोडणी करावी”, पण खमंग म्हणजे किती वेळ?

प्रश्न : ताई, मी जूनपासून बंगळुरूला आहे नोकरीसाठी, डब्याला कंटाळून स्वयंपाक शिकायला घेतलाय. आईने निघताना नवशिक्यांसाठीचं एक पुस्तक दिलं, त्यातलं आमटीचं पान उघडून अगदी तसंच करतो तरी दोनपैकी एक होतंच, मोहरी कच्ची राहते नाहीतर सगळं काळं होतं. डाळ तर पाच शिट्ट्या देऊनही शिजत नाही, डाळ खाली आणि पाणी वर असं दिसतं. रूमवर इंडक्शन आहे, गॅस नाही. पुस्तक चुकीचं आहे का मी?

उत्तर : दोघंही नाही रे. त्या पुस्तकात जे लिहिलेलं नाही ना तिथे तू अडकतोयस. लिहिणारीला वाटतं मोहरी तडतडणं सगळ्यांनी घरी ऐकलेलंच असतं, आणि तू ऐकलेलंही आहेस, फक्त तेव्हा बाहेरच्या खोलीत मोबाइल बघत बसला होतास 😄

आधी भांडं बघ. गॅसवरचं ते चिमुकलं फोडणीचं कढलं इंडक्शनवर बहुतेक वेळा चालतच नाही, ॲल्युमिनियमचं असेल तर तापणारच नाही आणि बूड अगदी लहान असेल तर शेगडी त्याला ओळखतच नाही. सपाट जाड बुडाची छोटी स्टीलची कढई घे, लोहचुंबक बुडाला चिकटला म्हणजे चालेल. आणि शेगडी सुरू केल्या केल्या फुल्लवर ठेवू नकोस, तेल बघता बघता धुरावर येतं, तुझं काळं प्रकरण तिथेच होत असणार. मध्यमवर दोन चमचे तेल टाक आणि मोहरीचे फक्त दोन दाणे सोड. नुसते तळाशी बसले तर थांब, पटकन उडाले तर बाकीची टाक. मोहरीच्या आत थोडी ओल असते, तिची वाफ झाली की दाणा फुटतो, तोच तो आवाज. सुरुवातीला ताशा वाजल्यासारखा येतो, तो विरळ व्हायला लागला की जिरं, जिऱ्याचा रंग जरा बदलला की हिंग, मग कढीपत्ता (पुसून टाक रे, ओला असला की तोंडावर उडतो), आणि शेगडी बंद करून मग हळद. हळद आणि तिखट हे शेवटीच, गरम तेलात दोन-चार सेकंदात करपतात, आणि करपलेली हळद आमटीत किती गूळ घातला तरी लपत नाही. लगेच शिजलेली डाळ ओत. म्हणजे डाळ हाताशी घोटून तयार पाहिजे, फोडणी तडतडत असताना डब्यातली डाळ शोधत बसलास तर संपलं.

आता डाळीचं. शिट्ट्या मोजणं हेच मला मुळात पटत नाही. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या भराभर होतात आणि डाळीला वेळच मिळत नाही. कुकरमध्ये दाबामुळे पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास तापतं म्हणून तर लवकर शिजतं, पण त्या तापात डाळ थोडा वेळ राहायला तर हवी! एक शिट्टी झाली की आच बारीक कर आणि घड्याळ लावून दहा-बारा मिनिटं ठेव, मग बंद करून वाफ आपोआप जिरू दे. टोमॅटो, चिंच, आमसूल यातलं काहीही कुकरमध्ये डाळीबरोबर घालतोयस का? घालत असशील तर बंद कर, आंबटात डाळ मऊ होत नाही, ते नंतर उकळताना. तुमच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर तेही जड असतं, फिल्टरचं वापरून बघ. तूरडाळ अर्धा तास भिजव, चिमूटभर हळद-हिंग आणि दोन थेंब तेल घाल म्हणजे फेस कमी येतो.

आणि एक, महिनाभर पान उलटू नकोस. हीच आमटी आठवड्यातून तीनदा कर आणि कधी काय झालं ते पेन्सिलीने समासात लिही. माझ्या पुस्तकात भाकरीच्या पानावर अजून “पाणी कोमट नव्हे, कडक” असं लिहिलेलं आहे, सासूबाईंच्या तोंडचं.

प्रश्न : वय ६४, निवृत्त. सौ. चार महिने लेकीकडे बाळंतपणाला गेल्या आहेत. घरात त्यांची जुनी “रुचिरा” आहे. प्रमाण सगळं वाटीत. पण आमच्या घरात चार मापांच्या वाट्या आहेत. नेमकी कोणती घ्यावी?

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचून मजा आली. कमलाबाई ओगले यांचं हे पुस्तक १९७० चं, वाटी-चमच्याचं माप ही त्याची खासियतच. तांदूळ, पाणी, रवा, साखर सगळं एकाच वाटीने मोजलंत तर चारांपैकी कोणतीही घ्या, प्रमाण बिघडत नाही. घोळ होतो तो मीठ-तिखटात, कारण ते चमच्याने सांगितलेलं असतं आणि वाटी लहान निघाली तर पदार्थ खारट होतो. म्हणून पहिल्यांदा मीठ निम्मंच घाला, चाखा, मग वाढवा. मी माझी रोजची वाटी पाणी भरून मोजली तर १६० मिली भरली, आणि हल्लीच्या पुस्तकांतला कप असतो २४० चा, टेबलस्पून १५ चा, टीस्पून ५ चा. पोहे खायचा चमचा यातला कुठलाच नाही! तुम्हाला आवडली ती वाटी वेगळी काढा आणि तिच्यात कुणाला चटणी वाढू देऊ नका, वहिनी आल्यावर त्यांनाही.

भातासाठी जुन्या तांदळाला दुप्पट पाणी, नवा असेल तर त्याहून थोडं कमी. नाहीतर पेज होते. ती मेतकूट-तूप घालून खा, वाया नाही जात.

प्रश्न : साबुदाण्याची खिचडी दर वेळी गोळा होते. का?

उत्तर : पाणी जास्त. धुऊन सगळं पाणी काढून टाका, मग दाणे जेमतेम ओले राहतील इतकंच ठेवून चार-पाच तास झाका. दाणा बोटात दाबला आणि मध्ये कणी लागली नाही की भिजला. दाण्याचं कूट, मीठ, साखर कढईत नाही, आधीच परातीत हाताने चोळून घ्या, आणि परतताना झाकण एकदाच, दोन मिनिटं. सारखं हलवलंत तर लगदाच होणार.