डाव्या कोपऱ्यावर कोण उभं आहे?

बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री उशिरा वाचला. विद्यापीठाच्या पेपरमध्ये तुला खेळाचं पान मिळालं, याचा मला फार आनंद झाला. आणि पहिलंच काम हे: 'येत्या हंगामात आपल्या फुटबॉल संघाला वर नेतील असे पाच खेळाडू.' तू विचारलंस, "काका, मला क्रिकेट कळतं, हे हेल्मेटवालं अमेरिकन फुटबॉल दोन वर्षांत जेमतेम कळायला लागलंय. कुणाची नावं देऊ?"

नावं मी देणार नाही, ती तुझी तुलाच शोधायची आहेत. पण शोधायची कुठे, ते सांगतो. तीस वर्षं या देशात दर शनिवारी मी हा खेळ बघत आलोय. खेळ बघायचा कसा, हे मात्र त्याच्याही आधी शिकलो होतो, गावच्या कबड्डीच्या मैदानावर.

आमच्या मंडळात एक चढाईपटू होता. स्पर्धा जवळ आली की पारावर, सलूनमध्ये, एसटीत, सगळीकडे त्याचंच नाव. आमचे वस्ताद मात्र संघ लिहायला बसले की पहिला प्रश्न विचारायचे, "डाव्या कोपऱ्यावर कोण?" कोपऱ्याने घोटा धरला की बाकीची साखळी आत येते आणि पकड होते. कोपऱ्याचा हात सुटला, तर उरलेले सहा जण असून नसल्यासारखे. एका वर्षी आमचा कोपरा नोकरीसाठी पुण्याला गेला. चढाईपटू तोच होता, गुणही पूर्वीइतकेच आणत होता, पण त्याने आणलेले गुण आम्ही पुढच्याच चढाईत परत देत होतो. पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. वस्ताद कुणाला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर आले आणि एका नवख्या पोराला तासभर फक्त घोटा धरायला शिकवत बसले.

तुझ्या लेखाचं मूळ इथेच आहे. संघात सगळ्यात चांगला कोण, हा प्रश्न बाजूला ठेव. गेल्या वर्षी संघ कुठे गळत होता ते आधी काढ, आणि मग ती गळती यंदा कोण थांबवणार ते शोध. संघाला वर नेणारा माणूस बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

यंदा तुला सगळे क्वार्टरबॅकबद्दलच सांगतील. बरोबरच आहे, खेळ त्याच्या हातून सुरू होतो. पण चेंडू फेकायला त्याला मिळतात जेमतेम अडीच-तीन सेकंद, आणि ते सेकंद त्याला मिळवून देतात त्याच्यापुढचे पाच जण: मधे सेंटर, दोन बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक मागे सरला की डावीकडून त्याला पाडायला येणारा प्रतिस्पर्धी त्याला दिसत नाही, म्हणून लेफ्ट टॅकलची जागा फार मोलाची. या पाचांच्या पाठीवर ५० ते ७९ मधलेच आकडे असतात. त्यांच्या नावावर टचडाउन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळवलेले गुण, लागत नाहीत आणि त्यांची जर्सी घातलेले प्रेक्षकही कमीच दिसतात. आपल्या कोपऱ्यासारखीच ही माणसं.

लुईझियाना स्टेट विद्यापीठाचं २०१९ साल आठव. क्वार्टरबॅक जो बरो २०१८ मध्ये ओहायो स्टेटमधून तिथे आला. त्या वर्षी त्याने पूर्ण हंगामात १६ टचडाउन पास दिले. ठीकठाक, पण कुणी देव्हाऱ्यात बसवावं असं काही नव्हतं. पुढच्या वर्षी त्याच मुलाने ६० दिले, देशातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी घेतली आणि संघ पंधराच्या पंधरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. लोकांना वाटलं, चमत्कार झाला. पण खुणा आधीपासून होत्या. २०१९ च्या १ जानेवारीला, म्हणजे आदल्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, सेंट्रल फ्लोरिडाविरुद्ध सुरुवातीलाच त्याचा पास समोरच्या संघाने पकडला आणि त्याच धावपळीत त्याला असा दणका बसला की तो मैदानावर आडवा झाला. तो उठला, परत आला आणि त्याच सामन्यात त्याने चार टचडाउन पास दिले. म्हणून तुला सांगतो, गेल्या हंगामाचे शेवटचे दोन-तीन सामने काढून बघ. हंगामाच्या बेरजेत काय शिल्लक उरलं ते कळतं, पण मुलगा कुठल्या दिशेने चाललाय ते शेवटच्या सामन्यांतच दिसतं.

त्याच संघातला रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, जामार चेस. पहिल्या वर्षी २३ झेल आणि ३१३ यार्ड, दुसऱ्या वर्षी ८४ झेल, १७८० यार्ड आणि २० टचडाउन. मधल्या काळात जो ब्रेडी नावाचा तरुण प्रशिक्षक न्यू ऑर्लिन्सच्या व्यावसायिक संघातून आला आणि पास देण्याची सगळी पद्धतच बदलली. तेव्हा प्रशिक्षकांमध्ये यंदा कोण नवीन आलंय हेही विचार. पद्धत बदलली की कालचा राखीव खेळाडू उद्याचा मुख्य होऊ शकतो.

आणि मला त्या संघातली सगळ्यात आवडलेली गोष्ट. लुईझियाना स्टेटमध्ये १८ नंबरची जर्सी मानाची समजली जाते, ज्याच्या वागण्याकडे बघून बाकीच्यांनी शिकावं अशा खेळाडूला ती देतात. २०१९ मध्ये हा मान ज्यांना मिळाला त्यांत लॉइड कुशेनबेरी होता, सेंटर. सेंटरला १८ नंबर घालून खेळता येत नाही, कारण नियमाने त्याला पन्नाशीच्या पुढचा आकडा लागतो. मग त्याच्या जर्सीवर १८ चा छोटा बिल्ला शिवला. त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम लाईनला, म्हणजे पुढच्या पाच जणांच्या फळीला, मिळणारा 'जो मूर' पुरस्कारही त्यांच्याच लाईनने पटकावला. बरोच्या ६० टचडाउनची गोष्ट आज सगळे सांगतात, पण मला तो छोटा बिल्ला जास्त आठवतो.

आता माझी चूक सांगतो. इथे शिकायला आलो त्या वर्षी मीही विद्यार्थ्यांच्या पेपरला मदत करत होतो आणि हंगामाआधी अशीच पाच नावं दिली होती. पाचही जण चेंडू हातात घेऊन पळणारे. तिसऱ्या सामन्यात आमच्या लेफ्ट टॅकलचा गुडघा गेला. त्याच्या जागी कोण येणार, हे मी एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. जो मुलगा आला तो मनापासून झगडला, पण तयार नव्हता, आणि माझी पाचही नावं महिन्याभरात थंडावली. तेव्हापासून डेप्थ चार्ट, म्हणजे कुठल्या जागेवर पहिला कोण आणि राखीव कोण याची यादी, हाती आला की मी प्रत्येक जागेवरचं दुसरं नाव आधी वाचतो.

या दुसऱ्या नावांनी काय काय केलंय बघ. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा मॅक्स डगन तीन वर्षं मुख्य क्वार्टरबॅक होता. २०२० मध्ये तपासणीत हृदयाचा जन्मजात दोष निघाला, शस्त्रक्रिया झाली, तरी त्याच वर्षी खेळला. २०२२ मध्ये नवे प्रशिक्षक आले आणि त्यांनी दुसऱ्याला निवडलं. डगन संघ सोडून जाऊ शकला असता, पण राहिला. पहिल्याच सामन्यात नव्या मुलाला दुखापत झाली आणि डगन आत आला. आदल्या वर्षी ५ जिंकून ७ हरलेला तो संघ साखळीतले बाराही सामने जिंकला आणि थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचला. तिथे जॉर्जियाने त्यांना ६५–७ असं चिरडलं, तेही खरंच. पण तिथवर ते पोचतील असं ऑगस्टमध्ये कुणीही म्हटलं नव्हतं.

आणि त्यांना हरवणारा जॉर्जियाचा क्वार्टरबॅक स्टेट्सन बेनेट, त्याची कथा तर आणखी मोठी. २०१७ मध्ये तो वॉक-ऑन म्हणून आला, म्हणजे शिष्यवृत्ती नाही, स्वतःच्या खर्चाने. त्याचं काम स्काऊट टीममध्ये, म्हणजे पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करायची, आपल्या बचावफळीचा सराव व्हावा म्हणून. ओक्लाहोमाविरुद्धच्या रोझ बोल सामन्याआधी त्याने त्यांचा क्वार्टरबॅक बेकर मेफील्डची नक्कल इतकी हुबेहूब केली की संघात त्याचं कौतुक झालं. पुढे तो मिसिसिपीतल्या एका दोन वर्षांच्या कॉलेजात गेला, परत आला, पुन्हा राखीव बसला. २०२१ मध्ये मुख्य क्वार्टरबॅक दुखावला आणि याला जागा मिळाली. जॉर्जियाने १९८० नंतर पहिल्यांदा राष्ट्रीय विजेतेपद घेतलं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा.

म्हणून सरावाला गेलीस की स्काऊट टीममध्ये कोण आहे आणि त्याच्या खेळाने मुख्य संघाला घाम फुटतोय का, याकडे नीट लक्ष दे. तिथले खेळाडू रोज संघातल्या सगळ्यात चांगल्या अकरा जणांविरुद्ध खेळत असतात. त्यांच्यात पहिल्या वर्षाचेही असतात. नियमाप्रमाणे चार सामन्यांपर्यंत खेळूनही कॉलेजकडून खेळायला मिळणाऱ्या वर्षांतलं त्यांचं एक वर्ष वाया जात नाही, म्हणून प्रशिक्षक अशा मुलांना हंगामाच्या शेवटी थोडं थोडं आत सोडतात. गेल्या वर्षी असं कोण आत येऊन गेलं, ते शोध.

ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलून, आलेल्यांबद्दल थोडं जपून लिही. मोठ्या संघातून आलेलं मोठं नाव बघून सगळेच भारावतात. इंडियानाचं उदाहरण घे. २०२३ मध्ये त्यांनी ३ सामने जिंकले, ९ हरले. नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आले आणि येताना आपल्या जुन्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातले तेरा खेळाडू घेऊन आले. देशाला ही नावं ठाऊक नव्हती. पण त्यांना प्रशिक्षकाची भाषा येत होती, सराव कसा असतो, काय चालतं, काय चालत नाही, सगळं. बाकीचे त्यांच्याकडे बघून शिकले. २०२४ मध्ये ११ विजय. त्यानंतरच्या वर्षी कॅलिफोर्नियाहून क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा आला, त्याला हाइझमन मिळाली आणि संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता झाला. मेंडोझाच्या पायाखालची जमीन त्या तेरा जणांनी आधी घट्ट केली होती, असं मी मानतो. तुमच्या संघात यंदा बाहेरून आलेल्यांपैकी प्रशिक्षकाला आधीपासून ओळखणारे किती, ते मोज.

आता प्रत्यक्ष कसं बघायचं. खुल्या सरावाला बाजूच्या रेषेवर उभी राहू नकोस, गोलपोस्टच्या मागे जा. तिथून पाचही जण एका ओळीत समोर दिसतात. चेंडू सुटला की तुझी नजर आपोआप चेंडूमागे जाईल, तिला ओढून परत आण आणि फक्त लेफ्ट टॅकलचे पाय बघ. चांगल्या टॅकलचे पाय छोटी छोटी, सपाट पावलं टाकत मागे सरतात, कबड्डीतल्या कोपऱ्यासारखे. टाचेवर गेला, पाय एकमेकांत गुंतले किंवा कमरेतून पुढे वाकला, की समजायचं पलीकडचा आत घुसणार. वहीत वीस रेघा मार, वीस वेळा बघ, चुकलं तिथे फुली कर. मग त्याच्या राखीव खेळाडूसाठी पुन्हा वीस. त्या चाळीस रेघांमधून तुझ्या लेखाचं निम्मं काम होईल. सराव बंद असेल तर गेल्या वर्षीच्या सामन्यांचं रेकॉर्डिंग लाव आणि प्रत्येक डाव दोनदा बघ, दुसऱ्यांदा चेंडूकडे न बघता.

सेंटरचं तोंड हलतंय का तेही बघ. समोरची मांडणी वाचून बाकीच्या चौघांना तो ओरडून सांगतो. सेंटर गप्प असेल तर त्या लाईनचं काहीतरी बिनसलंय.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची आहे. ही मुलं अठरा ते बावीस वर्षांची आहेत, तुझ्याच वर्गातली, तुझ्याच मेसमध्ये जेवणारी. २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावावर पैसे मिळवता येतात, आणि २०२५ पासून मोठी विद्यापीठं स्वतःच त्यांना पैसे देतात, वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत एकूण. त्यामुळे लोक त्यांच्याबद्दल बाजारातल्या मालासारखं बोलायला लागलेत. तू तसं बोलू नकोस. कुणाचा खांदा दुखतोय असं वसतिगृहात कानावर आलं, तर संघाने सांगितल्याशिवाय छापू नकोस. कुणाला 'यंदा याचं काही खरं नाही' असं लिहिण्याआधी, त्याची आई हे वाचणार आहे हे मनात आण. टीका कर, खेळावर भरपूर कर. एखाद्याचे पाय चुकतात हे लिहायला तुला कुणाची भीती नको, तुझ्याकडे चाळीस रेघा आहेत.

आणि ज्याच्याबद्दल लिहिणार त्याला एकदा तरी भेट. क्वार्टरबॅकभोवती मायक्रोफोनची गर्दी असेल. सेंटर एकटाच पाण्याची बाटली घेऊन बाकावर बसलेला असेल. त्याच्याजवळ जा आणि विचार, "गेल्या वर्षी तुमची लाईन कुठे मोडत होती?" तो तुला अर्धा तास सांगत बसेल, कारण त्याला हे सहसा कुणी विचारत नाही.

शनिवारचा सराव खुला आहे म्हणालीस ना? माझी जुनी दुर्बीण पोस्टाने पाठवलीय, शुक्रवारपर्यंत मिळेल. उन्हात टोपी घाल, पाणी ने. रविवारी रात्री फोन कर आणि पाच नावांच्या आधी मला एवढं सांग: लेफ्ट टॅकल कोण, आणि त्याच्या मागे कोण.

तुझा,
काका