सांगलीत आम्ही 14 कुटुंबं मिळून बिल्डरशिवाय गृहनिर्माण संस्था काढतोय. जागा पसंत केलीय. पुढं काय करावं?

जागा कुणी पसंत केली? चौदाही घरांतल्या बायकांनी बघितली का? भर पावसात बघितली का?

1992 साली आम्ही 18 घरं अशीच एकत्र आलो. एसटीतले, शाळेतले, सिव्हिलमधल्या दोन सिस्टर. शामरावनगरच्या बाजूला दोन एकर काळं रान स्वस्तात मिळत होतं. माझे मामा मुख्य प्रवर्तक, म्हणजे संस्था उभी करण्यात पुढाकार घेणारे. मी 27 वर्षांचा, अक्षर बरं म्हणून सचिव. जागेचा ठराव आला त्या रविवारी एक सिस्टर उठून म्हणाल्या, "माझं माहेर इथनं चार शेतं पलीकडं. या रानात पाणी साचलं की आठ-आठ दिवस हटत नाही. घ्यायचीच असेल तर सगळ्यांचं जोतं चार फूट उचला." मामा म्हणाले, "सिस्टर, सगळ्यांचं ठरलंय. जोत्याचे पैसे कोण देणार?" दोघं-तिघं हसले. त्या खाली बसल्या. मी प्रोसिडिंग बुकात लिहिलं, 'ठराव सर्वानुमते मंजूर.'

सिस्टरांनी कर्ज काढून स्वतःचं जोतं उचललं. 2005 च्या पुरात आमच्या ओळीत तेवढं एक घर कोरडं राहिलं आणि आम्ही नऊ माणसं त्यांच्या पुढच्या खोलीत झोपलो. त्यांनी चहा दिला, जुना विषय काढला नाही. 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी 45), तेव्हा त्यांचंही घर बुडालं. आमच्या तर कपाटाच्या वरच्या कप्प्यातले कपडे भिजले.

मामा आजही म्हणतात, "तेव्हा कुणी विरोध केला होता? प्रोसिडिंग काढून बघ."

म्हणून सांगतो, बिल्डर काढला आणि त्याच्या जागी एक मामा बसवला, तर ती संस्था लोकांची कशी? प्रोसिडिंगमध्ये 'सर्वानुमते' दिसलं की मला आता भीती वाटते. विरोध करणाऱ्याचं नाव लिहा, वाक्य त्याच्याच शब्दांत लिहा, खाली सही घ्या.

बाकी नाव राखून ठेवणं, बँकेत खातं, उपनिबंधकांकडं प्रस्ताव, हे चिकाटीनं होतं. अडतं ते जमिनीत. रान शेतीचं असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल तर कुळकायद्याचं कलम 63 आडवं येतं, म्हणून बिनशेती झालेलीच जागा बघा. सातबारा संस्थेच्याच नावावर हवा. 'तात्पुरता' म्हणून प्रवर्तकाच्या नावावर करू देऊ नका. उद्या तो गेला की वारसनोंद लागते आणि तुम्ही कोर्टाच्या पायऱ्या चढता. एकराच्या वरच्या ले-आऊटमध्ये 10 टक्के खुली जागा सोडावी लागते, रस्ते वेगळे. गुंठे वाटायचे ते त्यानंतर. आणि पैसे देण्याआधी पूररेषेचा नकाशा बघाच. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. लाल रेषेच्या बाहेर आहात म्हणून निर्धास्त होऊ नका, शेजारच्या रानातल्या म्हाताऱ्या माणसालाही विचारा.

एक सांगायचं राहिलं. मामांनी संस्थेचा एक रुपया खाल्ला नाही. तलाठ्याकडं तीन वर्षं सायकलवरून तेच गेले. त्या पैशात आम्हाला बिल्डरचा फ्लॅट मिळाला नसता. त्यामुळं संस्था काढाच.

मामांची नात त्यांना हे वाचून दाखवेल, म्हणून इथंच लिहितो. मामा, सिस्टर बोलल्या होत्या. चार फूट म्हणाल्या होत्या. मी ते लिहिलं नाही.