वस्तरा ४० वर्षं टिकेल हो, पण हिशोब ४० वर्षांचा धरू नका

नमस्कार, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय ३६, आठवड्यातून पाच वेळा घरीच दाढी, आत्ता कार्ट्रिजवाला रेझर वापरता. आता खरा पोलादी वस्तरा, चामड्याचा पट्टा आणि धार लावायचे दगड असा पूर्ण सेट घ्यायचाय, तो पडतोय तुमच्या दोन वर्षांच्या कार्ट्रिजच्या खर्चाएवढा. विकणारा म्हणाला आयुष्यभर टिकतो, म्हणून तुम्ही ४० वर्षांचा हिशोब मांडलात आणि त्यातली ३८ वर्षं फुकट असं उत्तर आलं. घ्यायचाय मात्र १२ हप्त्यांवर, आणि हप्ते बसावेत म्हणून वर्षभर दर महिन्याची बचत थांबवायची म्हणताय.

टिकण्याचं आधी बोलू कारण तिथे विकणारा खोटं बोलत नाहीये. इंग्लंडमधल्या शेफील्डला आणि जर्मनीतल्या झोलिंगनला १९व्या शतकात बनलेले वस्तरे लोक आजही दाढीला वापरतात. याचं कारण त्याच्या घडणीतच आहे. दगडावर वस्तरा आडवा टेकवला की धार आणि पाठ, म्हणजे धारेसमोरची पात्याची जाड कड, दोन्ही एकदमच टेकतात, म्हणजे घासताना धारेचा कोन पाठच सांभाळते, आपल्याला हाताने धरावा लागत नाही आणि पातं वर्षानुवर्षं झिजलं तरी कोन फारसा बदलत नाही. पात्याची रुंदी साधारण ५/८ इंच, म्हणजे १६ मिलिमीटरच्या आसपास. आता समजा प्रत्येक वेळी दगडावर ५ मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटर) पोलाद गेलं आणि वर्षातून चार वेळा दगड लावला तर वर्षाला २० मायक्रॉन झाले, म्हणजे ५० वर्षांत १ मिलिमीटर. १६चे १५ होतील, बस. हे आकडे मी हिशोबासाठी धरलेत, पण दुप्पट धरले तरी वस्तरा तुमच्यापेक्षा जास्त जगतो.

रोजचं काम दगडाचं नाहीच, पट्ट्याचं आहे. दाढीआधी ३० ते ५० वेळा पाठ पुढे आणि धार मागे ठेवून परजायचा, टोकाला पोचलात की पाठीवर पालथा करायचा, धारेवर कधीच नाही. यात पोलाद जवळजवळ जातच नाही, वाकलेली धार सरळ होते. पोलाद केसापेक्षा ५० पट वगैरे कठीण, तरी केसाने धार जाते कशी याचा अभ्यास अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या लोकांनी २०२० मध्ये मांडला होता, त्यांनी साधी वापरून फेकायची पाती घेतली होती, आणि दिसलं असं की केस तिरका वाकून पात्यावर आला आणि त्या जागी पोलादाची रचना एकसारखी नसली की धारेचा बारीकसा कपचा उडतो. म्हणूनच दाढी आधी दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने भिजवा असं सगळे सांगतात, भिजलेला केस मऊ होतो, त्वचेलाही बरं आणि धारेलाही.

मग वस्तरा मरतो कशाने? गंजाने, पडण्याने, आणि चुकीच्या हाताने दगड लावल्याने. झिजून मरणारे फार थोडे. माझाच अनुभव सांगतो, दाढी झाल्यावर धुताना हात ओला होता, वस्तरा फिरला आणि टोक नळाला लागलं, आवाज अगदी बारीक, टिक् एवढाच. उजेडात धरून बघितलं तर धारेला तांदळाच्या कणीएवढी खाच. जाणकाराकडे दिला, त्याने खाच जाईपर्यंत अख्खी धार मागे नेली आणि वस्तरा परत आला तेव्हा १ मिलिमीटरने कमी होता. म्हणजे मघाशी जो ५० वर्षांचा हिशोब मांडला ना, तेवढं पोलाद एका सेकंदात गेलं. तेव्हापासून बेसिनमध्ये टॉवेल अंथरल्याशिवाय मी वस्तरा उघडत नाही. आणि पुसून लगेच मुठीत मिटूनही ठेवत नाही, आधी पातं मुठीला जिथे जोडलंय त्या खिळ्यापाशी कागदाचं टोक घालून ओल काढतो, मग तेलाचं बोट, मग कोरड्या कपाटात. बाथरूममध्ये ठेवलात तर कार्बन स्टील गंजणारच, आणि गंजाचे खड्डे धारेपर्यंत पोचले तर तेवढी धार कापूनच काढावी लागते.

आता पैशाचं. तुमच्या हिशोबातली चूक ही की वस्तू किती टिकते तेवढी वर्षं तुम्ही धरलीत. धरायची असतात ती तुम्ही ती वापरणार ती वर्षं. वस्तरा ४० वर्षं कपाटातही टिकतो की! तीन महिन्यांत सवय सुटली तर दाढीमागे खर्च कार्ट्रिजच्या कैकपट होईल. मी अशा खरेदीला ३ वर्षं धरतो, तेवढ्यात पैसे वसूल होत असतील तर घ्या, पुढचं सगळं नफ्यात.

आणि तुमच्या दोन वर्षांत बऱ्याच गोष्टी धरलेल्याच नाहीत. पहिले दोन-तीन महिने गाल वस्तऱ्याने आणि हनुवटी, गळा जुन्या रेझरने असंच चालतं, म्हणजे कार्ट्रिज लगेच बंद होत नाही. पट्टा शिकताना कापला जातो, तो परत घ्यावा लागतो. वर्षातून एक-दोनदा बाहेरून धार लावून घ्यायचा खर्च आहे किंवा स्वतः दगड शिकायचा वेळ आहे. साबण, ब्रश दोन्हीकडे लागतं, ते सोडून द्या. हे धरून बरोबरी माझ्या मते तिसऱ्या वर्षात कुठेतरी होते, म्हणजे काठावर. वेळही मोजा, नवशिक्याला २० मिनिटं जास्त लागतात, पाच दाढ्या म्हणजे आठवड्याला १०० मिनिटं. तो वेळ तुम्हाला आवडणार असेल तर तो खर्च नाहीच, पण घाईत ऑफिस गाठायचं असेल तर आहे.

फक्त पैसे वाचवायचे असतील तर खरं सांगतो, साधा दुधारी पात्याचा सेफ्टी रेझर घ्या. पाती कार्ट्रिजच्या मानाने फारच स्वस्त पडतात, पट्टा नको दगड नको, आणि बचतीचा मोठा वाटा तिथेच मिळतो. वस्तरा त्याच्याशी तुलना करून घ्यायचा म्हटलं तर वसूल व्हायला खूपच वर्षं जातात. तुम्ही पत्रात लिहिलंय की लहानपणापासून ती परजण्याची पद्धत बघत आलोय आणि स्वतःला एकदा नीट यावी असं वाटतं. हे कारण मला पुरेसं वाटतं, अगदी मनापासून, फक्त मग त्याला बचत म्हणू नका, आवडीचा खर्च म्हणा आणि आवडीच्या खर्चाच्याच पैशातून करा.

म्हणजे हप्ते नाहीत आणि महिन्याची बचत एक दिवसही थांबवायची नाही. व्याज धरलं तर काठावरचा हिशोब तोट्यात जातो, आणि बारा महिने थांबलेली बचत परत सुरू करणं किती अवघड असतं ते मी रोज बघतो. दगड यादीतून काढा, पहिल्या वर्षी नकोतच, नवीन हाताने दगडावर पाठ एका बाजूने घासली जाते आणि चांगला वस्तरा वाया जातो. वापरलेला पण जाणकाराने धार लावलेला वस्तरा बघा, फक्त धारेवर गंजाचे खड्डे नाहीत ना, पात्याला तडा नाही ना, आणि धार मधे आत गेलेली नाही ना एवढं उजेडात तपासा. असा वस्तरा नीट राखलात तर नको झाल्यावर बरेचसे पैसे परत येतात, पट्ट्याचे येत नाहीत, म्हणून पहिला पट्टा स्वस्तातला.

चार महिने हॉटेलिंग वगैरेतून थोडं थोडं बाजूला काढा आणि रोख घ्या. घेतल्यावर कॅलेंडरवर वस्तऱ्याने केलेल्या दाढीला एक खूण करत जा. तीन महिन्यांत ४० खुणा झाल्या तर मला कळवा, दगडांचं तेव्हा बघू.