मॅडमना आजच उत्तर दे

ताई, पदवी मिळून सात महिने झाले. पुढे शिकू की नोकरी बघू, काहीच ठरत नाही. घरचे रोज विचारतात, मैत्रिणी मार्गाला लागल्या, रात्री झोप येत नाही. ज्यांच्याकडे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट केला त्या मॅडमचाही ‘सध्या काय चाललंय? फोन कर’ असा मेसेज आला होता. म्हटलं, काही ठरलं की कळवू. मला नेमकं काय करायचंय हे कसं ओळखू?
– अधांतरी

अगं, झोप, घरचे, मैत्रिणी यांच्याबद्दल आधी लिहिलंस आणि मॅडमना शेवटी दीड ओळीत उरकलंस. मी तिथेच अडले. ठरल्यावर कसलं कळवतेस? ठरावं म्हणून बोलायचं असतं त्यांच्याशी!

सगळं मार्गी लागल्याशिवाय तोंड दाखवायचं नाही, असं तू मनाशी धरून बसलीस. त्यात तुझंच नुकसान आहे. तुझा प्रोजेक्ट मॅडमना आज आठवतो, तू कुठे अडलीस आणि कशी सुटलीस तेही. पुढची बॅच आली की हे पुसट होत जाणार, आणि मग शिफारसपत्र मागितलंस तर ‘मेहनती विद्यार्थिनी’ यापलीकडे त्यांना तरी काय लिहिता येईल?

मैत्रिणी तुला इथे फारशा उपयोगी नाहीत. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक छोटी पाहणी मांडली होती. ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांची ती ओळख नेहमीच्या भेटीतली होती. ५६ टक्क्यांची अधूनमधून भेटणारी, २८ टक्क्यांची तर क्वचितच. कारण साधं आहे. रोजच्या माणसांना जे माहीत असतं ते बहुतेक तुलाही माहीत असतं.

आता मेसेज. त्यांच्या त्याच मेसेजखाली लिही. उशिराबद्दल एकच वाक्य, कारणांची यादी नको. मग खरं ते सांग: अजून काही ठरलेलं नाही. प्रोजेक्टमधला कुठला भाग करताना वेळ कळला नाही, तो नाव घेऊन लिही. माहिती गोळा करणं, आकडे तपासणं, अहवाल लिहिणं, जे असेल ते. शेवटी वीस मिनिटं माग आणि दोन वेळा सुचव. ‘मार्गदर्शन करा’ असं मोघम लिहिलंस तर मोघमच उत्तर येईल. बायोडेटा जोडू नकोस. जोडलास की ते नोकरी मागणं होतं आणि ‘काही असलं तर सांगते’वर विषय संपतो.

फोनवर तीनच गोष्टी विचार. मला आवडलेलं हे काम रोज कोण करतं? तिथे शिरायला मला आज काय येत नाही? आणि माझ्या दोन-तीन वर्षं आधी पास झालेल्यांपैकी कोणाशी बोलू? तिसरा प्रश्न संकोचून गाळशील, म्हणून तो कागदावर लिहून समोर ठेव. नाव मिळालं की त्याच दिवशी त्या व्यक्तीला लिही, पहिल्या ओळीत मॅडमचा उल्लेख करून. बोलणं झालं की मॅडमना दोन ओळी कळव. हे मात्र बहुतेक जण विसरतात, आणि मग पुढचं नाव मिळत नाही.

शिक्षण की नोकरी, हे मला त्या दोन फोननंतर पुन्हा विचार. तेव्हा तुझ्या पत्रात एखाद्या कामाचं नाव असेल आणि मलाही नेमकं काही सांगता येईल.