सड्यावरच्या वनस्पतींच्या वैविध्यात मातीतील बुरशीचा वाटा असतो का?

होय, पावसाळ्यात कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या खडकाच्या सपाट पठारांवर, गवतासोबत जी नाना जातींची रोपे उगवतात, त्यांच्या वैविध्यात मातीतील बुरशीचा वाटा असतो. मुळांशी सहजीवन करणारी बुरशी आपल्या तंतूंनी दूरवरचे स्फुरद (फॉस्फरस) गोळा करून वनस्पतीला पुरवते व मोबदल्यात शर्करा घेते; जांभ्या मातीत लोहामुळे स्फुरद घट्ट बांधले जात असल्याने ही मदत येथे विशेष मोलाची ठरते. हबेनारियासारख्या आमरींचे (ऑर्किडचे) धुळीएवढे बी तर योग्य बुरशी भेटल्याशिवाय निसर्गात रुजतच नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत बुरशीच्या जाती वाढवल्या तसे वनस्पतींचे वैविध्यही वाढले. मात्र हा नियम सार्वत्रिक नाही: अमेरिकेतील कॅन्ससच्या उंच गवताच्या कुरणांत बुरशी दडपल्यावर वैविध्य उलट वाढले, कारण तेथील प्रबळ गवतेच बुरशीवर सर्वाधिक अवलंबून होती.