वाचक विचारतात: ऑस्ट्रेलियाच्या त्या मुलाची कबर का नाही?

प्रश्न: नमस्कार ताई, मागच्या वर्षी मुलीकडे मेलबर्नला गेले होते. शेजारच्या आजींच्या हॉलमध्ये त्यांच्या मोठ्या भावाचा फोटो आहे, जेमतेम विशीतला पोरगा, एअरफोर्सचा ड्रेस, टोपीला पुढे पांढरी पट्टी. लँकेस्टर नावाच्या बॉम्बर विमानात वायरलेस ऑपरेटर होता, 1944 मध्ये जर्मनीवर गेला तो परत आलाच नाही, कबरसुद्धा नाही म्हणाल्या. जपान दारात असताना हा तिकडे कशाला? आणि कबर का नाही? डोक्यातून जातच नाही.
– एक वाचक, दादर

उत्तर: काकू, आधी त्या पट्टीचं सांगते. ती ट्रेनिंग चालू असलेल्या पोरांच्या टोपीला असायची, म्हणजे फोटो काढला तेव्हा तो अजून शिकतच होता.

आता जर्मनीचं. 1939 च्या डिसेंबरात ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा करार झाला की पायलट, नेव्हिगेटर, गनर सगळ्यांनी मिळून तयार करायचे. पोरं सुरुवातीला ऑस्ट्रेलियात शिकायची, मग बरीच जण कॅनडाला आणि तिथून इंग्लंडला. जपान युद्धात उतरला 1941 च्या डिसेंबरात, फेब्रुवारी 1942 मध्ये डार्विनवर बॉम्ब पडले, तरी पोरं इंग्लंडला जातच राहिली. त्या आयांचं काय झालं असेल हो, संकट घराशी आणि लेक जगाच्या दुसऱ्या टोकाला.

लँकेस्टरमध्ये सात जण असायचे. वायरलेसवाल्याची जागा हीटरच्या तोंडाशी, तो घामाघूम, आणि त्याच विमानात शेपटाकडचा गनर थंडीने काकडलेला. साधारण तीस मोहिमा झाल्या की काही महिने उसंत, पण तिथपर्यंत पोचायचेच कमी. बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे ब्रिटिश एअरफोर्सच्या बॉम्ब टाकणाऱ्या शाखेत, उडणाऱ्या सव्वा लाखांपैकी 55,573 गेले, त्यात जवळपास साडेतीन हजार ऑस्ट्रेलियन.

घरी तार यायची ती नुसती बेपत्ता म्हणून. मग कित्येक महिन्यांनी मृत धरल्याचं पत्र. मला तर हे मेल्याच्या बातमीपेक्षा वाईट वाटतं, धड रडता येत नाही आणि धड आशाही सोडवत नाही. युद्ध संपल्यावर ब्रिटिश एअरफोर्सची शोधपथकं गावोगाव फिरली, गावकऱ्यांना विचारलं, कबरी उकरल्या, अंगठी किंवा कपड्यावरची धोब्याची खूण यावरून ओळख पटवली. पण विमान समुद्रात पडलं किंवा बॉम्बसकट हवेतच फुटलं तर हाती काय लागणार? अशा वीस हजारांवर जणांची नावं लंडनजवळ रनीमीडच्या स्मारकात दगडावर कोरली आहेत, 1953 पासून. आजींच्या भावाचंही तिथे असण्याची दाट शक्यता आहे. कॅनबेराच्या वॉर मेमोरियलमध्ये तर ब्राँझच्या पाट्यांवर युद्धात गेलेल्या सगळ्यांची नावं आहेत, हुद्दा न लिहिता, आणि लोक नावाशेजारी लाल पॉपीचं फूल खोचून जातात.

युद्धातल्या कबरी कशा जपतात ते बघायचं तर पुण्याला खडकीच्या वॉर सेमेटरीत जाऊन या. आपल्या शिवडीच्या कबरस्तानातले पहिल्या महायुद्धातले 629 जण 1962 मध्ये तिकडेच नेले.

आणि आजींसाठी एक काम कराच. मुलीला सांगा, ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल अर्काइव्हजच्या साइटवर भावाचं नाव टाकून बघ. अशा पोरांच्या फायली ए705 या मालिकेत आहेत, बऱ्याच स्कॅन केलेल्या, फुकट वाचता येतात. विमान कुठे पडलं याचा तपास त्यात असतो, बऱ्याचदा आईवडिलांनी सरकारला लिहिलेली पत्रंही. घरच्या जुन्या कागदांत त्याचा सर्व्हिस नंबर मिळाला तर शोधणं फारच सोपं. फक्त आधी आजींना विचारा, त्यांना ते वाचायचंय का.