आखातात कामाला जायचंय? मग आधी कागदं

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात शिलाईवर तुझा हात बसलाय, मान्य. पण तिकडं हात नंतर बघतात, कागद आधी. मालकाकडून लेटरहेडवर अनुभवाचा दाखला आजच माग. काम सोडल्यावर कोणी देत नाही.

दहावी पास असशील तर दहावीचा दाखला जोडूनच पासपोर्ट काढ. नसशील तर पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागेल अशी नोंद, येईल आणि आखातासह 18 देशांत कामाला जायला सरकारी मंजुरी लागेल. कटकट वाटेल, पण विमा आणि कराराची नोंद त्यातूनच होते.

नवीन पोरं हमखास फसतात ती इथं:

- एजंट. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर त्याची नोंदणी बघ. फी जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी. लाख-दीड लाख मागणाऱ्याला लांबूनच नमस्कार.
- व्हिजिट व्हिसा, म्हणजे नुसता भेटीला जायचा. "तिथं गेल्यावर कामाचा करून देतो" म्हणणारा इथंच राहतो, अडकतोस तू.
- करार. इथं सही एकावर, तिथं उतरल्यावर दुसरा पुढ्यात, पगार कमी. मूळ पगार, ओव्हरटाइम, राहणं-जेवण, परतीचं तिकीट, एवढ्या ओळी वाच आणि त्या पानाचा फोटो घरच्यांच्या मोबाइलवर पाठव.

तिथं नोकरी बदलायचे नियम देशागणिक वेगळे आहेत, ते आत्ता डोक्यात घेऊ नको. अनुभवाचा दाखला मिळाला की सांग, एजंटची नोंदणी दोघं मिळून तपासू.